सर्व्हरला स्टार्टअप पासवर्ड लावण्याआधी लाइट गेल्यावर काय होईल ते बघा

सदाशिव पेठेतलं सीएचं ऑफिस, भोसरीतलं वर्कशॉप, कोथरूडची पॅथॉलॉजी लॅब. अशा ठिकाणी सर्व्हर म्हणजे काचेच्या खोलीतला रॅक नसतो. टेबलाखाली एक टॉवर, शेजारी यूपीएस, त्यावर टॅली नाहीतर लॅबचं सॉफ्टवेअर, एवढंच. मग एखाद्या मोठ्या क्लायंटकडून फॉर्म येतो आणि त्यात एक रकाना असतो: सर्व्हर चालू होताना पासवर्ड लागतो का? हार्डवेअरवाल्याला फोन जातो, तो बायॉसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताच सुरू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममध्ये, पासवर्ड टाकून जातो, रकान्यात ‘हो’ लिहिलं जातं. पुढच्या एखाद्या गुरुवारी महावितरणचं देखभालीचं काम निघतं, यूपीएस मान टाकतो, दुपारी लाइट येते आणि सर्व्हर काळ्या स्क्रीनवर पासवर्ड मागत बसतो. पासवर्ड ज्याला ठाऊक तो चाकणच्या साइटवर.

सर्व्हर सुरू होताना पासवर्ड तीन ठिकाणी मागता येतो: मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये (म्हणजे बायॉसमध्ये), बूटलोडरमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) आणि डिस्कवर. विंडोज किंवा लिनक्सचं लॉगिन त्याच्या नंतरचं, ते इथे धरलेलं नाही. प्रत्येक ठिकाणचा पासवर्ड वेगळ्या माणसाला अडवतो, आणि लाइट गेल्यावर वेगळा त्रास देतो. रात्री ऑफिसात कुणी नसेल तर पासवर्ड कुठे लावायचा, हे ठरवताना हा त्रासच आधी बघावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

(खाली आज्ञांची आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप अर्थातच इंग्रजीत करायची.)

बायॉस: दोन पासवर्ड, त्यातला बहुधा एकच हवा

बायॉस किंवा त्याची नवी पिढी असलेल्या यूईएफआयमध्ये दोन वेगवेगळे पासवर्ड असतात आणि घोळ नेमका इथेच होतो. एक सेटअपचा: तो बायॉसच्या सेटिंगमध्ये जाताना लागतो, मशीन मात्र एरवी मुकाट्याने चालू होतं. दुसरा पॉवर-ऑनचा: तो दिल्याशिवाय मशीन पुढे हलतच नाही. डेलच्या पॉवरएजवर यांना ‘सेटअप पासवर्ड’ आणि ‘सिस्टिम पासवर्ड’ म्हणतात, एचपीईच्या प्रोलायंटवर ‘अ‍ॅडमिन’ आणि ‘पॉवर ऑन’. लेनोवोच्या थिंकसिस्टिमवर ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ आणि ‘पॉवर-ऑन’. सेटअपमध्ये जायला डेलवर एफ२, प्रोलायंटवर एफ९, थिंकसिस्टिमवर एफ१, सुपरमायक्रोवर डिलीट.

सेटअपचा पासवर्ड लावाच. पण त्याच बैठकीत बूट ऑर्डरमध्ये फक्त आतली डिस्क ठेवा, यूएसबी आणि नेटवर्कवरून बूट बंद करा, आणि एफ११ किंवा एफ१२ दाबून येणारा बूट मेनू पासवर्डशिवाय उघडतोय का ते पाहा. हे राहिलं तर सेटअपच्या पासवर्डला अर्थ उरत नाही. कुणीही लाइव्ह लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून पाच मिनिटांत डिस्क वाचेल.

पॉवर-ऑन पासवर्ड फक्त तिथेच लावावा, जिथे चोवीस तास माणूस असतो किंवा सर्व्हर रोज सकाळी हाताने चालू करून संध्याकाळी बंद करतात. सीझन नसताना काही सीए ऑफिसांत असं चालतं, तिथे तो ठीक आहे. डेलवर तिसऱ्यांदा पासवर्ड चुकला की मशीन थांबतं आणि बंद करूनच पुन्हा चालू करावं लागतं. हे माहीत नसलेला माणूस ‘सर्व्हर हँग झाला’ म्हणून फोन करतो. वायरलेस कीबोर्ड या टप्प्यावर चालेलच याची खात्री नसते, म्हणून साधा वायरचा यूएसबी कीबोर्ड टॉवरजवळ असू द्या. आणि कीबोर्ड न लावता सर्व्हर ठेवायचा असेल तर ‘कीबोर्ड सापडला नाही, एफ१ दाबा’ म्हणून थांबण्याचं सेटिंग आधी बंद करा.

पॅनेल उघडू शकणाऱ्या माणसापुढे बायॉसचा पासवर्ड फारसा टिकत नाही. जुन्या साध्या बोर्डांवर सीआर२०३२ सेल काढून थोडा वेळ थांबलं की पासवर्ड पुसला जायचा. सर्व्हर बोर्डांवर तो बहुतेकदा सेल काढून जात नाही, पण विसरलेल्यांसाठी सोय ठेवलेली असते: पॉवरएजवर पासवर्डचा जंपर, प्रोलायंटच्या अनेक पिढ्यांत मेंटेनन्स स्विचच्या पट्टीतला एस५. म्हणून टॉवरचं झाकण आणि समोरची जाळी कुलूपबंद असू द्या, किल्ली ड्रॉवरमध्ये नको. चेसिस इंट्रूजनची नोंद चालू करा, म्हणजे झाकण उघडलं गेलं तर ते निदान लॉगमध्ये दिसेल. तसंही सेल तीन व्होल्टच्या खाली बराच उतरला की घड्याळ आणि काही बोर्डांवर सेटिंगही जातात, तेव्हा चार-पाच वर्षांनी तो बदललेला बरा. तापकीर गल्लीत कुठेही मिळतो. बदलल्यावर बूट ऑर्डर एकदा तपासायची.

आयड्रॅक (डेलचं), आयएलओ (एचपीईचं) किंवा आयपीएमआय, म्हणजे सर्व्हर दूरून सांभाळायचं वेगळं पोर्ट, नेटवर्कला जोडलेलं असेल तर तेही एक दारच आहे. तिथून व्हर्च्युअल सीडी लावता येते, मशीन रीस्टार्ट करता येतं. कंपनीकडून आलेले युजरनेम-पासवर्ड, म्हणजे जुन्या आयड्रॅकचा ‘रूट’ आणि ‘कॅल्विन’, जुन्या सुपरमायक्रोचा दोन्हीकडे ‘अ‍ॅडमिन’ हे सगळ्या जगाला पाठ आहेत. आधी ते बदला. दूरून स्क्रीन बघायची पूर्ण सोय डेलवर सहसा एंटरप्राइज लायसन्सवर असते. सर्व्हर विकत घेतानाच ते घेतलं, तर पुढची बरीच धावपळ वाचते.

ग्रब: पासवर्ड कुणाला मागायचा आणि कुणाला नाही

लिनक्स सर्व्हरवर ग्रबला, म्हणजे तिथल्या बूटलोडरला, पासवर्ड नसेल तर काय होतं ते एकदा स्वतः करून पाहण्यासारखं आहे. मेनूवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी इनिट=/बिन/बॅश जोडा, कंट्रोल-एक्स दाबा. काही सेकंदांत रूटचं, म्हणजे सर्वाधिकारी युजरचं, शेल (आज्ञा टाइप करायचा पडदा) समोर. कुठलाही पासवर्ड नाही. त्यानंतर फाइलसिस्टिम लिहिण्याजोगी माउंट केली की रूटचा पासवर्डही बदलता येतो.

डेबियन आणि उबंटूवर इलाज असा. ‘ग्रब-एमकेपासडब्ल्यूडी-पीबीकेडीएफ२’ ही आज्ञा चालवा. ती पासवर्ड दोनदा विचारते आणि ‘ग्रब.पीबीकेडीएफ२.एसएचए५१२.१००००’ अशी सुरू होणारी लांबलचक ओळ देते. त्यातला १०००० म्हणजे हॅशच्या (पासवर्डच्या उलट न फिरणाऱ्या सांकेतिक रूपाच्या) फेऱ्यांचा डीफॉल्ट आकडा. ही संपूर्ण ओळ ‘ईटीसी/ग्रब.डी’ मधल्या ‘४०_कस्टम’ फाइलच्या शेवटी जाते. तिथे दोन ओळी लिहायच्या: पहिलीत ‘सेट सुपरयूजर्स’ आणि अवतरणात एक नाव, दुसरीत ‘पासवर्ड_पीबीकेडीएफ२’, तेच नाव आणि तो हॅश. हे नाव लिनक्सच्या युजरचं असायची गरज नाही, ग्रबचा आणि लिनक्सच्या लॉगिनचा संबंध नाही. फाइलची परवानगी ७०० करा, नाहीतर हॅश मशीनवरच्या कोणत्याही युजरला वाचता येतो.

आता ‘अपडेट-ग्रब’ चालवलंत आणि रीस्टार्ट केलंत, तर डेबियन-उबंटूवर नुसतं बूट व्हायलाही युजरनेम आणि पासवर्ड मागितला जाईल. सुपरयूजर ठरला की प्रत्येक मेनू एंट्री आपोआप कुलूपबंद होते. आपल्याला हवं असतं ते वेगळं: सर्व्हर स्वतःहून चालू व्हावा, पण कुणी ओळ बदलायला गेलं तर पासवर्ड लागावा. त्यासाठी ‘१०_लिनक्स’ फाइलमध्ये ‘क्लास’ या व्हेरिएबलची ओळ शोधून तिच्या शेवटी, अवतरणाच्या आत, दोन डॅश आणि ‘अनरिस्ट्रिक्टेड’ हा शब्द जोडायचा. ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’चा उपमेनू त्या ओळीतून बनत नाही, म्हणून तो बंदच राहतो. ते उत्तमच, कारण रिकव्हरी मोड त्याच्या आत असतो.

रेड हॅट, अल्मा, रॉकी यांच्याकडे हे सोपं आहे. ‘ग्रब२-सेटपासवर्ड’ चालवा, पासवर्ड द्या, झालं. युजरचं नाव ‘रूट’ राहतं, हॅश ‘यूजर.सीएफजी’मध्ये जातो, आणि साधं बूट बिनपासवर्डचंच होतं.

डेबियन-उबंटूच्या पद्धतीत एक सापळा आहे आणि तो काही महिन्यांनी उघडतो. ग्रबचं पॅकेज अपडेट झालं की सिस्टिम विचारते: ‘१०_लिनक्स’ तुम्ही बदललेली आहे, तुमची ठेवू की नवीन टाकू? घाईत ‘नवीन’ म्हटलं की अनरिस्ट्रिक्टेड शब्द गेला. त्या दिवशी काहीच होत नाही. पुढच्या रीस्टार्टला सर्व्हर ग्रबच्या मेनूवर युजरनेम मागत थांबतो, आणि एसएसएच (दूरून लॉगिन करायची सोय) अर्थातच लागत नाही. म्हणून ग्रबच्या प्रत्येक अपडेटनंतर, रीस्टार्टच्या आधी, ‘बूट/ग्रब’मधल्या ‘ग्रब.सीएफजी’त ‘अनरिस्ट्रिक्टेड’ शब्द ग्रेपने शोधून बघायची सवय लावा. सापडला नाही तर रीस्टार्ट करू नका.

ग्रबमध्ये पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर तारेसुद्धा उमटत नाहीत. कर्सर हलत नाही म्हणून लोकांना वाटतं कीबोर्ड गेला. कीबोर्डची मांडणी तिथे अमेरिकन इंग्रजीच असते, नमलॉकही बंद असू शकतो, त्यामुळे आकडे वरच्या रांगेतले वापरा. मराठी इनस्क्रिप्टमध्ये ठेवलेला पासवर्ड बूटच्या वेळी टाइप करायची सोय नसते. हे डिस्कच्या पासफ्रेजलाही (लांब पासवर्डलाही) लागू आहे.

डिस्क: चोरी झाली तर हेच कामाला येतं

आतापर्यंतचं सगळं टेबलाशी बसलेल्या आगंतुकासाठी. कुणी डिस्कच काढून नेली, किंवा खराब झालेली डिस्क वॉरंटीत परत गेली, तर बायॉस आणि ग्रब दोन्ही बाजूला पडतात. तिथे डिस्क एन्क्रिप्ट केलेली (चावीशिवाय न वाचता येणारी) असणं एवढाच उपाय. लिनक्सवर त्यासाठी लक्स ही सोय आहे.

उबंटू सर्व्हर बसवताना डिस्कच्या पानावर एलव्हीएमच्या (डिस्कच्या जागेची वाटणी करणाऱ्या सोयीच्या) खाली लक्सने एन्क्रिप्ट करायची टिक असते, ती केली की काम झालं. चालू सर्व्हर जागच्या जागी एन्क्रिप्ट करता येतो, पण डेटा कामाचा असेल तर बॅकअप घेऊन नव्याने बसवणंच शहाणपणाचं. यात ‘बूट’ पार्टिशन उघडं राहतं, ते चालतं.

पण इथेही बूट होताना पासफ्रेज लागतेच, म्हणजे लाइटचा प्रश्न पुन्हा आला. त्याला तीन वाटा आहेत.

पहिली, आणि छोट्या ऑफिससाठी मला सर्वांत आवडणारी: ऑपरेटिंग सिस्टिम साधीच ठेवायची, फक्त डेटाचं पार्टिशन लक्समध्ये. बूटला कोणतं पार्टिशन उघडायचं आणि माउंट करायचं (जोडायचं) ते सांगणाऱ्या ‘क्रिप्टटॅब’ आणि ‘एफएसटॅब’ या दोन्ही फाइलींत त्याच्या ओळीत ‘नोऑटो’ लिहायचं. सर्व्हर विनापासवर्ड वर येतो, एसएसएच चालू होतं, मग घरून लॉगिन करून ‘क्रिप्टसेटअप ओपन’, माउंट, आणि शेवटी डेटाबेस चालू. यात हमखास होणारी गडबड म्हणजे डेटाबेस किंवा सांबा (फाइल शेअरिंगची सर्व्हिस) आपोआप आधी चालू होतो, त्याला रिकामं माउंट फोल्डर दिसतं, आणि तो त्यातच नव्या फाइली तयार करतो. सकाळी लोकांना वाटतं डेटा उडाला. उपाय दोन, दोन्ही करा. पार्टिशन माउंट नसताना त्या रिकाम्या फोल्डरला ‘चॅटर +आय’ लावा, म्हणजे रूटलाही तिथे लिहिता येणार नाही. आणि सिस्टिमडीच्या (लिनक्समध्ये सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सर्व्हिस फाइलमध्ये ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर’ ही ओळ घालून त्या सर्व्हिसचं आपोआप चालू होणं बंद करा. स्वॅप मात्र वेगळा एन्क्रिप्ट करायला विसरू नका, मेमरीतला डेटा तिथे उतरतो. लॉग आणि टेम्पमध्ये काय काय पडतं तेही एकदा तपासा.

दुसरी वाट: सगळी डिस्क एन्क्रिप्टेड, आणि बूटच्या मधल्या टप्प्यात चालणारं छोटं एसएसएच. डेबियन-उबंटूवर ‘ड्रॉपबेअर-इनिटरॅमएफएस’ नावाचं पॅकेज आहे. तुमची एसएसएचची सार्वजनिक की ‘ईटीसी/ड्रॉपबेअर/इनिटरॅमएफएस’ फोल्डरमधल्या ‘ऑथोराइज्ड_कीज’मध्ये टाका (डेबियन ११ पर्यंत हे फोल्डर वेगळ्या नावाचं होतं). ‘इनिटरॅमएफएस.कॉन्फ’मध्ये ‘आयपी=’ लिहून सर्व्हरचा पत्ता, दोन कोलन, गेटवे, कोलन, नेटमास्क असं क्रमाने द्या. मग ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’. की सदोष असेल तर याच वेळी एक इशारा येतो की दूरून अनलॉक चालणार नाही. तो वाचा, शेकडो ओळींत तो सहज निसटतो. बूटच्या वेळी लॉगिन झालं की ‘क्रिप्टरूट-अनलॉक’ म्हणून पासफ्रेज द्यायची.

या टप्प्याला पोर्ट वेगळं ठेवा, समजा २२२२. ड्रॉपबेअरची होस्ट की (सर्व्हरची ओळख पटवणारी चावी) नेहमीच्या एसएसएचपेक्षा वेगळी असते. पोर्ट एकच असेल तर प्रत्येक वेळी ‘होस्ट की बदलली’ म्हणून आरडाओरडा होतो, आणि माणूस तो इशारा न वाचता पुढे जायला शिकतो. हे पोर्ट राउटरवरून थेट इंटरनेटला उघडू नका. व्हीपीएनमधून या, आणि तो व्हीपीएन राउटरवर किंवा एखाद्या छोट्या वेगळ्या मशीनवर असू द्या. तो याच सर्व्हरवर चालत असेल तर डिस्क उघडेपर्यंत व्हीपीएन नाही आणि व्हीपीएन नाही म्हणून डिस्क उघडता येत नाही. फायबरचा डबा आणि राउटर यूपीएसवर आहेत ना, तेही बघा. नेटवर्क कार्डाचं नाव या टप्प्यावर वेगळं असू शकतं. म्हणून आयपीच्या ओळीत नाव लिहिलंत तर ते टर्मिनलसमोर बसून तपासा.

तिसरी वाट टीपीएमची, म्हणजे मदरबोर्डवरच्या चाव्या सांभाळणाऱ्या चिपची. ‘सिस्टिमडी-क्रिप्टएनरोल’ने चावी टीपीएममध्ये ठेवली की डिस्क त्या मदरबोर्डवर आपोआप उघडते, दुसरीकडे नाही. चावी पीसीआर ७ ला (सिक्युअर बूटच्या स्थितीच्या टीपीएममधल्या नोंदीला) बांधली तर सिक्युअर बूटचं (फक्त सही असलेलंच सॉफ्टवेअर बूट होऊ देणारं) सेटिंग बदलल्यावर चिप चावी देत नाही. डिस्क चोरी गेली तर हे पुरेसं. अख्खा टॉवर उचलून नेला तर मात्र तो चोराकडेही बूट होऊन लॉगिनच्या पडद्यापर्यंत जातो. टॉवर टेबलाखाली आहे की कुलूपबंद खोलीत, यावर ही वाट घ्यायची की नाही ते ठरवा. घेतली तरी पासफ्रेजचा स्लॉट (लक्समधली चावीची जागा) काढू नका, बोर्ड बदलावा लागला तर तोच वाचवतो.

लक्स२ मध्ये ३२ पर्यंत स्लॉट असतात, जुन्या लक्स१ मध्ये ८. मालकाची पासफ्रेज एका स्लॉटमध्ये, आयटीवाल्याची दुसऱ्यात. मालकाची कागदावर लिहून सीलबंद पाकिटात, ऑफिसबाहेर, बँकेच्या लॉकरमध्ये. ‘लक्सहेडरबॅकअप’ने हेडरची (हे स्लॉट जिथे असतात त्या डिस्कवरच्या भागाची) प्रत काढून पेनड्राइव्हवर ठेवा, कारण हेडर बिघडला तर पासफ्रेज बरोबर असूनही डेटा कायमचा गेला. आयटीवाला बदलला की त्याचा स्लॉट ‘लक्सकिलस्लॉट’ने काढायचा, हे बहुतेकांना माहीत असतं. पण हेडरच्या जुन्या प्रतीत तो स्लॉट जिवंतच असतो, आणि जुनी प्रत, जुनी पासफ्रेज आणि डिस्क एकत्र आली की कुलूप उघडतं. जुन्या प्रती नष्ट करून नवी काढा.

लाइट परत आल्यावर

बायॉसमध्ये ‘एसी पॉवर रिकव्हरी’ असं सेटिंग असतं: ऑन, ऑफ किंवा लास्ट. बरेच जण ‘लास्ट’ ठेवतात, म्हणजे लाइट जाण्याआधी होता तसा. यूपीएसची यूएसबी केबल लावून बॅटरी संपत आल्यावर सर्व्हर नीट बंद होईल अशी सोय केली असेल, तर ‘लास्ट’ म्हणजे बंद, आणि लाइट आली तरी तो बंदच राहतो. तिथे ‘ऑन’ हवं. आणखी एक: सर्व्हर बंद झाला, पण यूपीएसचं आउटपुट चालूच असताना लाइट परत आली, तर सर्व्हरच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नाही आणि तो उठत नाही. यूपीएसवर लक्ष ठेवणाऱ्या नटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये शेवटी यूपीएसचं आउटपुट तोडायचा आदेश देता येतो, तो चालतोय का हे प्रत्यक्ष प्लग काढून बघावं लागतं. शनिवारी संध्याकाळी, ऑफिस रिकामं असताना, भिंतीवरचं बटण बंद करा आणि बॅटरी संपेपर्यंत हात लावू नका.

विंडोज सर्व्हर असेल तर

जुन्या विंडोजमध्ये ‘सिसकी’ होतं, त्यात स्टार्टअप पासवर्ड ठेवता यायचा. फोनवरून फसवणारे भामटे तेच वापरून लोकांचे संगणक अडकवून ठेवायचे. मायक्रोसॉफ्टने ते २०१७ मध्ये आवृत्ती १७०९ पासून काढून टाकलं, त्यामुळे जुन्या लेखांतली ती कृती शोधू नका. आता बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन. सर्व्हरवर ते आधी फीचर म्हणून बसवावं लागतं. नुसतं टीपीएम किंवा टीपीएमसोबत पिन अशी निवड आहे. पिन म्हणजे बूटला माणूस हवा. नेटवर्क अनलॉकने तो टळतो, पण त्याला विंडोज डिप्लॉयमेंट सर्व्हिसेसचं दुसरं मशीन लागतं, एकाच सर्व्हरच्या ऑफिसात त्याचा उपयोग नाही. तिथे टीपीएम, सेटअपचा पासवर्ड आणि कुलूपबंद कपाट एवढं करा.

बायॉस अपडेट करण्याआधी ‘सस्पेंड-बिटलॉकर’ने संरक्षण तात्पुरतं थांबवा, ‘रीबूटकाउंट’ १ द्या. नाही थांबवलं तर पुढच्या बूटला निळा पडदा ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो. ती की छापून लक्सच्या पासफ्रेजसारखीच ऑफिसबाहेर ठेवा. तिची पीडीएफ त्याच सर्व्हरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवली असेल, तर पहिल्यांदा ती तिथून हलवा.